क्रेनने उचलायचं नाही

मी पोहोचले तेव्हा दहा-बारा लोक क्रेनच्या ऑपरेटरला केबिनमधून खाली ओढत होते.

क्रेनच्या पुढे, नाल्यात, काँक्रीटचा मोठा तुकडा तिरपा लटकला होता. त्याचा एक कोपरा जमिनीत रुतला होता आणि त्या कोपऱ्याखाली आमच्या प्रभाकर भोयरचा डावा पाय होता. गुडघ्याच्या खालचा भाग दिसतच नव्हता. प्रभाकर शुद्धीवर होता. तो ओरडत नव्हता. दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरून "काढा, काढा" एवढंच म्हणत होता.

मी आधी केबिनकडे धावले, प्रभाकरकडे नाही. याबद्दल नंतर मला बरंच ऐकावं लागलं. पण केबिनमध्ये जी झटापट चालली होती तिच्यात एका माणसाचा गुडघा लिव्हरच्या अगदी जवळ आला होता. त्या लिव्हरने क्रेनचा हुक वरखाली होतो. तुकड्याची एक बाजू जमिनीवर असली तरी उरलेला सगळा भार अजून क्रेनवरच होता.

"सोडा त्याला," मी म्हटलं. "लिव्हरला धक्का लागला तर तुकडा पूर्ण खाली बसेल. मग प्रभाकरचा नुसता पाय जाणार नाही, प्रभाकर जाईल."

मी फार मोठ्याने बोलले नसेन, पण त्यांनी सोडलं. ऑपरेटर सुरेंद्र, बिहारकडचा, आमच्याकडे तीन पावसाळे काढलेला माणूस. त्याचा शर्ट फाटला होता, ओठातून रक्त येत होतं.

"मैंने कुछ नहीं किया, मॅडम."

"वो बाद में देखेंगे. अभी भी कुछ मत करना. हाथ गोद में रखो और बैठे रहो."

तो बसून राहिला. त्या दिवशी त्याने केलेलं ते सगळ्यात अवघड काम होतं, असं मला आजही वाटतं.

थोडं माझ्या कामाविषयी सांगते. मी मेकॅनिकल इंजिनिअर. राहते पिपरी मेघेला. जड वस्तू उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवणं, हे माझं काम. आमच्या भाषेत त्याला लिफ्टिंग म्हणतात. कोणती क्रेन आणायची, ती कुठे उभी करायची, दोर कुठून बांधायचे, माणसांनी कुठे उभं राहायचं, हे मी ठरवते. वीसेक वर्षं हेच करते आहे. त्या सुमारास नाचणगावच्या पुढे एका रस्त्याचं काम सुरू होतं. वाटेत तीन-चार नाले होते आणि प्रत्येकावर छोटा पूल बांधायचा होता. असे पूल आता जागेवर बांधत नाहीत. कारखान्यात काँक्रीटचे चौकोनी पेटीसारखे तुकडे ओतून तयार करतात, ट्रेलरवर आणतात आणि क्रेनने एकाला एक लावून ठेवतात. एकेक तुकडा सहा-सात टनांचा. क्रेन असते हायड्रा. लांब सोंड पुढे काढलेली, चाकांवर पळणारी पिवळी क्रेन तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल, तीच.

तुकडा क्रेनला बांधणाऱ्या माणसाला रिगर म्हणतात. प्रभाकर रिगर होता. चाळिशी ओलांडलेला, नाचणगावचाच. दोर बांधण्यात त्याचा हात चांगला होता. लटकलेल्या लोडच्या खाली कधी उभं राहायचं नाही हे त्याला माहीत होतं आणि तो उभा नव्हताही. तुकडा जमिनीपासून गुडघाभर उंच आणला होता. आधीच्या तुकड्याशी तो जुळतो की नाही हे पाहायला प्रभाकर बाजूने वाकला आणि त्याच क्षणी समोरचा कोपरा सुटला. लोक समजतात की लोड सरळ खाली पडतो. तो तसा क्वचितच पडतो. एका बाजूने सुटतो, झोका घेतो आणि शेजारच्या माणसाला गाठतो.

मी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या पुलावर होते. साइट इंजिनिअरचा फोन आला आणि मी जीप घेऊन आले.

प्रभाकरजवळ गुडघे टेकून मी त्याला म्हटलं, "प्रभाकरभाऊ, मी आले आहे. तुमच्याशी कोणी खोटं बोलणार नाही. थोडा वेळ लागेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मांडी आणखी घट्ट धरली.

तोवर सगळ्या बाजूंनी एकच गोष्ट सांगितली जात होती. क्रेन उभी आहे, दोर बांधलेले आहेत, उचला. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांचा, पाटणकर साहेबांचा, नागपूरहून फोन आला. त्यांचंही तेच म्हणणं. हायड्रा जागेवर आहे ना, मग पाच मिनिटांचं काम, गर्दी वाढायच्या आत पेशंट बाहेर काढा. मी त्यांना सांगितलं की तुकडा का पडला हे कळल्याशिवाय मी तो उचलणार नाही. ते काही बोलत होते, पण मी फोन ठेवला.

तुकड्याला चार दोर होते, म्हणजे तारेचे जाड दोर. प्रत्येक दोर तुकड्यात बसवलेल्या एका लोखंडी कडीत अडकवलेला होता. मी पाहिलं, चारही दोर शाबूत होते. क्रेनचा हुक नीट होता. सुरेंद्रने झटका दिला म्हणून दोर तुटला, असं जे लोक म्हणत होते, ते खरं नव्हतं. दोर तुटलाच नव्हता. चौथा दोर ढिला लटकत होता आणि त्याच्या टोकाला कडी अजून तशीच अडकलेली होती. कडीच काँक्रीटमधून निघून आली होती.

मी ती सोडवून हातात घेतली. ही कडी म्हणजे जाड सळईचा वाकवलेला तुकडा. वर कानासारखा भाग दिसतो, खाली तिच्या दोन शेपट्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या असतात. त्या शेपट्या टोकाला छत्रीच्या मुठीसारख्या वळवलेल्या असाव्या लागतात. मग त्या आतल्या जाळीला धरून बसतात आणि ओढून निघत नाहीत. माझ्या हातातल्या कडीच्या शेपट्या सरळ होत्या आणि आखूडही. शेतातून मुळा उपटावा तशी ती निघाली होती.

आता माझ्यासमोरचा प्रश्न सोपा झाला आणि वाईटही झाला. बाकीच्या तीन कड्या त्याच कारखान्यातल्या, त्याच साच्यातल्या. वरून पाहून त्या आत सरळ आहेत की वळवलेल्या हे कळायला मार्ग नव्हता. चारांचा भार आता तिघींवर होता. क्रेनने उचलायला घेतलं आणि दुसरी कडी निघाली, तर तोच तुकडा त्याच माणसावर पुन्हा पडणार होता. या वेळी नुसत्या पायावर नाही.

"क्रेनने उचलायचं नाही," मी साइट इंजिनिअरला सांगितलं. "कोणी कितीही म्हटलं तरी नाही."

तेवढ्यात बांधावरून एक ट्रॅक्टर आला. प्रभाकरचे मोठे भाऊ वसंतराव. त्यांचं शेत तिथून जवळच होतं आणि सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू होती. त्यांनी ट्रॅक्टरला साखळी लावूनच आणली होती. तुकडा ओढून बाजूला करायचा त्यांचा विचार होता. मी आडवी उभी राहिले.

"तुम्ही इंजिनिअर आहा न?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग क्रेन उभी हाये, दोर बांधले हाये. कायची वाट पाहून राह्यल्या तुम्ही?"

"वाट नाही पाहत. क्रेनने उचललं तर तो पुन्हा पडेल. ओढला तरी पडेल."

"माहा भाऊ हाये तो, बाई. त्याले तसाच ठेवाचा का?"

मी कडी त्यांच्या हातात दिली. इथून निघाली ती ही, आणि बाकीच्या तीन अशाच असू शकतात, एवढंच सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग तुकड्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"हे तं खुट्यावानी निघालं," ते म्हणाले. आणि कडी मला परत देत, "मंग काय पाह्यजे तुमाले?"

"जॅक. मिळतील तेवढे. आणि लाकूड."

ते ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर गेले आणि तो आडवा लावून त्यांनी वाहतूक थांबवली. आर्वीच्या बाजाराकडे सोयाबीन घेऊन जाणारे ट्रक होते. ट्रकमध्ये पंक्चर काढायला जॅक असतोच. ड्रायव्हरांनी न विचारता जॅक काढून दिले, दोघे तर जॅकसोबत स्वतःही आले. आमच्या साइटवर लाकडी स्लीपर, म्हणजे रेल्वेच्या रुळांखाली घालतात तसे जाड ओंडके होते, काँक्रीटच्या साच्यांच्या लोखंडी प्लेटा होत्या. ज्यांनी सुरेंद्रला मारलं होतं त्यांनाच मी स्लीपर वाहायला लावलं. रिकाम्या हातांची गर्दी धोक्याची असते.

क्रम असा ठरवला. आधी तुकडा जिथे लटकला आहे तिथे त्याच्याखाली स्लीपरचे थर रचायचे. तुकडा वर जायला नको, पण खालीही येता कामा नये. याला आम्ही पॅकिंग म्हणतो. थर रचून झाले की वरच्या फटीत पाचरी ठोकायच्या. मग दोर राहिले काय, तुटले काय, तुकडा स्लीपरवर बसलेला राहणार. ते झालं की पायाच्या दोन्ही बाजूंना जॅक लावून कोपरा वर घ्यायचा.

पहिला भाग ठरल्याप्रमाणे झाला. कोणीही अंग आत घालायचं नाही, स्लीपर बाहेरून लांब काठीने सरकवायचा, हे मी प्रत्येक वेळी सांगत होते. पाचरी ठोकल्या गेल्या तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

दुसरा भाग फसला. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते, वरची माती सुकली होती, पण नाल्याची काळी माती आतून लोण्यासारखी होती. लोखंडी प्लेट टाकून त्यावर जॅक ठेवला तरी तुकडा वर जाण्याऐवजी प्लेटच खाली जात होती. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा जॅक तिरका झाला, कोपरा किंचित हलला आणि प्रभाकर पहिल्यांदा किंचाळला. मी जॅक थांबवायला सांगितले.

वसंतरावांनी खाली बसून भावाचा हात धरला.

एव्हाना पुलगावहून अँब्युलन्स आली होती. डॉक्टर तरुण होत्या, पण गोंधळलेल्या नव्हत्या. त्यांनी प्रभाकरला सलाईन लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की खूप वेळ दबून राहिलेला पाय एकदम सोडवायचा नसतो, चिरडलेल्या स्नायूंतलं विष रक्तात जातं. सलाईन अंगात गेलं की त्या सांगतील, त्याआधी काढू नका. त्यांचं बोलणं ऐकून मला उलट बरं वाटलं. घाई न करायला आता आणखी एक कारण मिळालं होतं आणि विचार करायला वेळ.

मी पुन्हा जॅककडे पाहिलं. माती इतकी मऊ होती की जॅक टिकत नव्हता. पण त्याच मऊ मातीत प्रभाकरचा पाय रुतला होता. खाली मुरूम किंवा दगड असता तर पायाचा चुरा झाला असता. म्हणजे वर उचलायची गरजच नव्हती. तुकडा स्लीपरवर पक्का होता. पायाखालची माती काढली की पाय खाली सुटणार होता.

जॅक मी काढले नाहीत. आहेत तिथेच घट्ट केले, फक्त कोपरा धरून ठेवायला. वसंतरावांच्या शेतात सोंगणीला आलेल्या बाया बांधावर उभ्या होत्या. त्यांच्यापैकी एकीने घराकडून खुरपी आणून दिली. फावड्याचं काम नव्हतं, फावडं पायाला लागलं असतं.

खणायला कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. वसंतराव पालथे झोपले आणि एक हात लांब करून माती काढायला लागले. दुसऱ्या बाजूला साइट इंजिनिअर. मी कोपऱ्याजवळ तुकडा आणि जमीन यांच्यामध्ये एक बाभळीची काडी उभी अडकवली. तुकडा तसूभर जरी खाली आला असता तर काडी वाकली असती. माझे डोळे त्या काडीवर आणि तोंडात एकच वाक्य तयार होतं, "हात बाहेर." ते म्हणावं लागलं नाही.

ओंजळ ओंजळ माती बाहेर येत होती. वसंतराव भावाशी बोलत होते. बैलाचं काय झालं, कोणाच्या शेतात किती सोयाबीन झालं, असलं काहीतरी. प्रभाकर मधूनमधून हं म्हणत होता. मग सलाईन पुरेसं गेलं म्हणून डॉक्टरांनी मान डोलावली, पायाला वरच्या बाजूने पट्टा बांधला आणि आम्ही प्रभाकरला खांद्यांना धरून सरळ मागे घेतलं. बूट आतच राहिला, पाय बाहेर आला. त्याच्याकडे मी नीट पाहिलं नाही. डॉक्टर पाहत होत्या, ते त्यांचं काम होतं.

अँब्युलन्स वर्ध्याला गेली. वसंतराव तिच्यात बसले नाहीत, तोवर गावातून धावत आलेल्या प्रभाकरच्या बायकोला त्यांनी बसवलं. स्वतः ट्रॅक्टर न्यायला थांबले.

माझं काम अजून संपलं नव्हतं. तुकडा दोरांवर आणि स्लीपरवर तसाच होता, तसा सोडून जाता येत नाही. मी सगळ्यांना पार रस्त्यापर्यंत मागे पाठवलं. मग सुरेंद्रला सांगितलं, आता हात लाव, पाचरी मोकळ्या होतील एवढंच उचल. त्याने लिव्हर इतक्या हळू ओढली की हुक हलतोय हे कळतही नव्हतं. तुकडा बोटभर वर आला. कटकन आवाज झाला, दुसरी कडी निघाली आणि सात टनांचा तुकडा स्लीपर फोडत प्रभाकर जिथे पडला होता तिथे बसला.

वसंतरावांनी रस्त्यावरून त्या जागेकडे पाहिलं. मग ट्रॅक्टर सुरू करून निघून गेले. सुरेंद्र केबिनमधून उतरला आणि चाकाला टेकून रडला.

पुढचे दोन-तीन दिवस मला वेगळी लढाई होती. पाटणकर साहेब साइटवर आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना रिपोर्ट लवकर पाठवायचा होता. तुकडे पुरवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ऑपरेटरने झटका दिला, नाहीतर आधीचे इतके तुकडे कसे बसले असते?

"ऑपरेटरची चूक लिहू या," साहेब म्हणाले. "दुसरा ऑपरेटर आणू. काम सुरू होईल."

"ऑपरेटर बदला, साहेब. कडी तीच राहील. पुढच्या वेळी नवा ऑपरेटर मार खाईल."

ते हसले नाहीत, पण मला घेऊन कारखान्यात आले. मी तिथला एक नवा कोरा तुकडा निवडला आणि मालकासमोर ब्रेकर लावून कडीभोवतीचं काँक्रीट फोडायला लावलं. शेपट्या सरळ. दुसरा फोडला, सरळ. तिसऱ्यात एक वळवलेली, तीन सरळ. कारण विचारलं तेव्हा तिथल्या सुपरवायझरने सांगितलं की वळवलेली कडी जाळीत अडकते, बसवायला वेळ जातो, म्हणून सरळ घालायला लागलो. काँक्रीट पकडून ठेवतं, काही होत नाही. त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं. बहुतेक वेळा काँक्रीट पकडून ठेवतंच. म्हणून तर आधीचे तुकडे नीट बसले आणि कोणाला शंका आली नाही.

रिपोर्टमध्ये मी कडी लिहिली, फोटो लावले. साहेबांनी वाचून सही केली. त्या कारखान्यातले सगळे तयार तुकडे आम्ही परत केले. आता आमच्या कुठल्याही साइटवर तुकडा आला की तो आधी वीतभर उचलतो, माणसं लांब ठेवून तसाच लटकवून ठेवतो आणि मगच पुढे नेतो. कारखान्यात कडी बसवली की काँक्रीट ओतायच्या आधी आमचा माणूस जाऊन पाहतो. काम जरा लांबतं. कारखान्याचा मालक अजून माझ्याशी बोलत नाही, तुकडे मात्र आता वळवलेल्या कडीचे देतो.

सुरेंद्र आमच्याकडेच आहे. गाव त्याला ओळखतं. ज्यांनी मारलं त्यांच्यातल्या एकाने त्याला पोळ्याला घरी जेवायला बोलावलं होतं, असं त्याने मला सांगितलं. गेला की नाही, ते सांगितलं नाही.

प्रभाकरचा पाय वाचला. घोट्यात सळ्या घातल्या, दोन ऑपरेशन झाली, पाय वाकडा राहिला. चालतो, पण लंगडतो. बऱ्याच महिन्यांनी मी त्याच्या घरी गेले. कंपनीत बसून करायचं काम होतं, स्टोअरमधलं, ते देऊ करायला. त्याने चहा होऊ दिला आणि मग म्हणाला, "नाई मॅडम. आता वर लटकलेलं काई पाहवत नाई मले. भावासंगच शेतात जातो."

मी आग्रह केला नाही. निघताना तो दारापर्यंत आला.

"एक गोष्ट सांगतो, रागावू नका. त्या दिवशी मले तुमचा लय राग आलता. सगळे म्हणत होते उचला, अन् तुम्ही एकट्याच नाई म्हणून राह्यल्या होत्या. वाटलं, ह्या बाईले मले मारायचं हाये का."

"साहजिक आहे," मी म्हटलं. "तुमच्या जागी मी असते तर मलाही आला असता."

"वसंताभाऊनं मंग सांगतलं. दुसरी कडी निघाली ते." तो एवढंच बोलला आणि आत गेला.

साइटवर नवीन येणाऱ्या इंजिनिअरांना मी ही हकीकत सांगते. लोड पडला की लगेच सगळे विचारतात, कोणामुळे पडला. ते विचारायला पुढे महिने मिळतात. आधी कशामुळे पडला ते पाहा. पडल्यानंतरही ते कारण तिथेच असतं, आणि ते न शोधता लोड पुन्हा उचलला, तर तो त्याच कारणाने पुन्हा पडतो.